मार्केट यार्डातल्या मोकळ्या जागेवरचं बेकायदा बांधकाम: नकाशा मिळवण्यापासून जोतं उखडण्यापर्यंत

बाजारात मोकळी सोडलेली जागा कामाविना पडून नसते. पहाटे आवक सुरू झाली की तिथेच ट्रक वळतात, पिकअप आणि छोटे टेम्पो लागतात, हमाल माल उतरवतात, तोलाई होते. आगीचा बंब वळायला किमान ९ मीटर त्रिज्या आणि ६ मीटर रुंदीचा रस्ता लागतो, तोही याच जागेतून जातो. दुपारी मात्र सगळं ओस दिसतं, आणि बांधकाम करणाऱ्याचं सगळं समर्थन त्या दुपारवर उभं असतं: 'पडीकच तर होती जागा.' म्हणून तक्रारीला जोडायचे फोटो आवकेच्या वेळचेच हवेत. ट्रक अडकलेला, मागे रांग लागलेली, शेतकऱ्याचा माल रस्त्यावर उतरलेला, असं दिसलं पाहिजे.

आमच्या शहरातल्या बाजार आवारात लिलावगृहामागच्या खुल्या जागेवर आधी पत्र्याची शेड आणि मग शटरचे गाळे उभे राहिले. ते निघेपर्यंतची प्रक्रिया काही अडते, तोलणार आणि शेजारच्या वस्तीतल्या रहिवाशांनी मिळून पार पाडली. तिचे टप्पे, कायद्याची कलमं आणि प्रत्येक टप्प्यावर काय अडतं, हे दुसऱ्या गावातल्या लोकांना उपयोगी पडावं म्हणून इथे मांडतो आहोत.

पहिला प्रश्न: मोकळी जागा म्हणजे नेमकी कुठली? याचं उत्तर न देता केलेली तक्रार कार्यालयातून कार्यालयात फिरत राहते. एक जागा शहराच्या विकास योजनेत आरक्षण म्हणून दाखवलेली असते. तिला आरक्षण क्रमांक असतो आणि तिचा पुरावा म्हणजे नगररचना विभागाचा भाग नकाशा आणि झोन दाखला. दुसरी जागा बाजाराच्या मंजूर रेखांकनातली खुली जागा, म्हणजे लेआउटमधली ओपन स्पेस. मुंबई आणि काही क्षेत्रं सोडून राज्यभर लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाला १० टक्के खुली जागा सोडावी लागते. तिसऱ्या प्रकारात इमारतींच्या भोवती मोकळी सोडायची सामासिक अंतरं, वाहनतळ आणि आतले रस्ते येतात. तिन्हीवर बांधकाम बेकायदाच, पण कागद वेगळे आणि बचावही वेगळे. आरक्षित जागेवरचा माणूस म्हणतो 'आरक्षण उठलंय', लेआउटमधला म्हणतो 'समितीने ठराव केलाय', वाहनतळावरचा म्हणतो 'तात्पुरतं आहे'.

'आरक्षण उठलंय' हे सर्रास ठोकून दिलं जातं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, म्हणजे एमआरटीपी कायदा, त्याच्या कलम १२७ खाली आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होतं ते योजना लागू होऊन १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, मालकाने 'जागा विकत घ्या' अशी खरेदी सूचना दिली आणि त्यानंतर २४ महिन्यांत काहीच पाऊल उचललं गेलं नाही, तरच. मुळात नगरपालिकेच्या किंवा बाजार समितीच्या ताब्यात असलेल्या जागेला हे लागूच पडत नाही. कलम ३७ खाली आरक्षण बदलायचं झालं तर सभेचा ठराव, राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना आणि शेवटी शासनाची मंजुरी, एवढं सगळं लागतं. समोरच्याकडे राजपत्राची प्रत मागा. नसेल तर आरक्षण जागेवर आहे.

आता नकाशा. पुढचं सगळं याच कागदावर उभं राहतं आणि सर्वात जास्त दमछाकही इथेच होते. माहिती अधिकाराच्या अर्जात 'अतिक्रमण का काढत नाही' असं विचारू नये. 'का'ला उत्तर देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. कागद मागा: 'बाजार आवार, सिटी सर्व्हे नं. अमुक, याचं मंजूर रेखांकन, मंजुरी क्रमांक व दिनांक, त्यानंतरची सर्व सुधारित रेखांकनं आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, अटींसह.' महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, त्यामुळे नकाशा आणि भाडेकरारांची माहिती दोन वेगळ्या अर्जांत मागावी. शुल्क १० रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. तिथेही निभावलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. मोठ्या नकाशाची नक्कल A3 कागदावर आटवून देतात, त्यात मापं वाचता येत नाहीत. त्यामुळे प्रतीबरोबर अवलोकनही मागून ठेवावं आणि प्रत्यक्ष मूळ नकाशासमोर बसून मापं टिपून घ्यावीत. जिथे सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहू देण्याची सोय चालू आहे, तिथे अर्जाआधीच जाऊन फाइल क्रमांक लिहून आणला तर अर्ज नेमका होतो.

'नकाशा सापडत नाही' हे उत्तर हमखास येतं. त्यावर नुसतं अपील करत बसू नये, त्याच नकाशाच्या दुसऱ्या प्रती शोधाव्यात. बिनशेती आदेशाबरोबर जोडलेलं रेखांकन जिल्हाधिकारी किंवा तहसील कार्यालयात असतं. एक प्रत नगररचनेच्या शाखा कार्यालयात असते. अग्निशमनाच्या ना हरकत दाखल्यासोबत एक जोडलेली असते. बाजार समितीची जागा असेल तर पणन खात्याकडे बांधकाम मंजुरीच्या प्रस्तावात एक असतेच. 'आमच्याकडे नाही' असं म्हणणाऱ्या कार्यालयाला माहिती अधिकाराच्या कलम ६(३) खाली तो अर्ज ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो, हे अर्जातच लिहून द्यावं. फाइल खरंच गहाळ असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा उल्लेख करून जबाबदारी निश्चित करण्याची मागणी लेखी द्यावी. बऱ्याच वेळा या पत्रानंतर फाइल सापडते.

नकाशा हातात आला म्हणजे बांधकाम त्या खुल्या जागेतच आहे हे सिद्ध झालं, असं नाही. झेरॉक्सवर पट्टी ठेवून अंतर काढू नका, यंत्रात कागद ताणला जातो आणि प्रमाण बिघडतं. नकाशावर लिहिलेली मापंच धरायची. पक्के, न हललेले बिंदू निवडायचे: आवाराची मूळ भिंत, भुईकाट्याचा चौथरा, लिलावगृहाचा कोपऱ्यातला खांब. तिथून टेपने दोन्ही बाजूंनी अंतर घेऊन बांधकामाचे चारही कोपरे कागदावर बसवायचे. दोन बिंदूंपासूनची अंतरं जुळली की तो कोपरा पक्का. हा आपला नकाशा न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही, पण कनिष्ठ अभियंत्याला स्थळपाहणीत टाळाटाळ करता येत नाही. खरी मोजणी भूमी अभिलेख खात्याचीच. तिचा अर्ज जागेच्या धारकालाच करता येतो, म्हणून तक्रारीतच 'नियोजन प्राधिकरणाने द्रुतगती मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घ्यावी' अशी मागणी घालावी.

बांधकाम कधी झालं, हा दुसरा पुरावा. गूगल अर्थवर जुन्या उपग्रह चित्रांची पट्टी असते. ती मागे सरकवत नेली की निळी ताडपत्री कधी दिसायला लागली आणि पत्र्याचा पांढरा चौकोन कधी आला, ते तारखेसह मिळतं. पडद्याचं चित्र घेताना तारीख आणि अक्षांश-रेखांश दोन्ही आले पाहिजेत. मुंबईत व्यापारी बांधकामाला १ एप्रिल १९६२ ही संरक्षित तारीख आहे, त्यामुळे तिथे जुन्या मंडईतल्या बांधकामाचं वय हाच निम्मा वाद असतो. इतरत्र अशी सरसकट तारीख गृहीत धरू नये.

ही बांधकामं एका रात्रीत होत नाहीत. आधी माल झाकायला ताडपत्री. मग चार लोखंडी अँगल आणि वर पत्रे. पावसाळ्याच्या तोंडावर 'माल भिजतो' म्हणून खाली कोबा. कोब्यावर तीन फूट विटांची भिंत, 'पाणी आत येतं' म्हणून. भिंतीवर शटर. शटर लागलं की वीजमीटर, मीटरच्या बिलावर मालमत्ता कराची आकारणी, आणि कराच्या पावतीवर भाडेकरार. शेवटी मूळ माणूस बाजूला होतो आणि गाळा तिसऱ्याच्या हातात जातो. कोब्याच्या टप्प्यावर पकडलं तर काम थांबवण्याची नोटीस पुरते: एमआरटीपी कलम ५४, किंवा महापालिकेत १९४९ च्या अधिनियमाचं कलम २६७. शटर लागल्यावर तेच काम कित्येक पटींनी अवघड होतं, कारण आत माल असतो, भाडेकरू असतो आणि त्याच्याकडे पावत्या असतात.

या पावत्यांना घाबरण्याचं कारण नाही. वीजजोडणी म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. मालमत्ता कराचंही तेच: महापालिका अधिनियमाच्या कलम २६७अ खाली बेकायदा बांधकामावर करासोबत कराच्या दुप्पट शास्ती लावली जाते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. तक्रारीत हे कलम आपणच उद्धृत करावं, म्हणजे सुनावणीत पावत्यांचा गठ्ठा पुढे आला तरी वजन पडत नाही.

तक्रार कोणाकडे? बाजार समितीच्या आवारात सगळे समितीच्या सचिवाकडे जातात आणि तिथेच अडकतात. समिती जागेची मालक आहे, नियोजन प्राधिकरण नाही. बांधकामाची परवानगी महापालिका किंवा नगरपरिषद देते, पाडण्याचा अधिकारही तिचा. म्हणून मुख्य तक्रार महापालिकेच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे बेकायदा बांधकामांवरच्या कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, आणि प्रती नगररचना, अग्निशमन, जिल्हा उपनिबंधक आणि पणन संचालक यांना. नगरपरिषद असेल तर १९६५ च्या अधिनियमाचं कलम १८९ आणि एमआरटीपी, मुंबईत १८८८ च्या अधिनियमाची कलमं ३५१ आणि ३५४अ. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. नुसती पोच नको, क्रमांक हवा, कारण पुढे माहिती अधिकारात 'आवक क्रमांक अमुकवर केलेली कार्यवाही आणि टिपणी' असं मागता येतं.

समितीनेच गाळे बांधले असतील तर प्रकरण जास्त गंभीर. तिथे विचारायचे प्रश्न दोन: १९६३ च्या पणन अधिनियमाच्या कलम १२(१) खाली पणन संचालकांची मंजुरी आहे का, आणि महापालिकेचं प्रारंभ प्रमाणपत्र आहे का. संचालक मंडळाचा ठराव या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. सार्वजनिक संस्थेने स्वतःच मोकळी जागा विकायला काढली तर काय होतं, याचं उदाहरण लखनौच्या अमीनाबाद बाजारात आहे. तिथल्या झंडेवाला पार्कखाली नगर महापालिकेने निविदा न मागवता एका बिल्डरला भूमिगत बाजार बांधायला दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो करार बेकायदा ठरवून बांधकाम काढायला आणि बाग पूर्ववत करायला सांगितलं. बांधकामावर झालेला खर्च बघून न्यायालय थांबलं नाही. 'आता एवढा खर्च झालाय' असं कोणी म्हणालं की हा निकाल पुढे करावा.

अग्निशमनची प्रत औपचारिकता समजून पाठवू नका. आमच्या अनुभवात सर्वात आधी हललेलं खातं तेच. २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगसुरक्षेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. बंबाची वाट अडलेली असताना ते दिलं असेल तर देणारा अडचणीत येतो. पुण्यातल्या कॅम्पमधल्या फॅशन स्ट्रीटला २६ मार्च २०२१ च्या रात्री लागलेल्या आगीत शेकडो दुकानं जळाली. दाटीवाटीने भरलेल्या बाजारात बंब आतपर्यंत पोचत नाही, हे कुठल्याही अधिकाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

नोटीस निघाली की तिची प्रत लगेच मागून घ्यावी आणि बारकाईने वाचावी. बहुतेक तोडकामं नोटिशीतल्या चुकांमुळेच अडतात. सर्व्हे नंबर चुकलेला. बांधकामाचं माप नाही, नुसतं 'पत्रा शेड'. मालकाच्या नावे काढली आणि ताबा भाडेकरूचा. चिकटवल्याचा पंचनामा नाही. परवानगीच नसलेल्या बांधकामाला एमआरटीपी कलम ५३(१) खाली २४ तासांची नोटीस आहे. पण १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने आणि बांधकामावर चिकटवून, मग व्यक्तिगत सुनावणी, कारणांसह लेखी आदेश आणि आदेशानंतर आणखी १५ दिवस, असा क्रम पाळावा लागतो. रस्ता, पदपथ यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. बाजारातली मोकळी जागा या अपवादात बसते असा युक्तिवाद करता येतो, तरीही आमचा स्पष्ट सल्ला असा की महिनाभर गेला तरी चालेल, पूर्ण क्रम पाळायला लावा. घाईत पाडायला निघालेली कारवाई स्थगितीत अडकते आणि मग वर्षं जातात.

नोटीस मिळालेला माणूस मुदतीत एमआरटीपीच्या कलम ४४ खाली बांधकाम राहू देण्याच्या परवानगीचा अर्ज टाकतो. कलम ५३(३) मुळे तो अर्ज निकाली निघेपर्यंत नोटीस स्थगित राहते. इथे कार्यालयं महिनोन्‌महिने बसून राहतात. अर्ज फेटाळायला एक दिवस पुरतो, कारण लेआउटच्या खुल्या जागेत बांधता येतं ते फक्त व्यायामशाळा, वाचनालय अशा सामाईक वापराचं, एकूण १५ टक्क्यांपर्यंत आणि तळमजल्यावर १० टक्क्यांच्या आत. खासगी गाळा त्यात बसतच नाही. तेव्हा 'कलम ४४ च्या अर्जावर तत्काळ निर्णय घ्यावा' हे पत्र तयार ठेवावं आणि अर्ज आला त्याच आठवड्यात द्यावं. प्रशमनाचं, म्हणजे दंड भरून बांधकाम नियमित करण्याचं, कलम ५२अ दाखवलं गेलं तर तारीख बघावी: ३१ डिसेंबर २०१५ नंतरच्या बांधकामाचा तिथे विचारच नाही. उपग्रह चित्रं इथे कामाला येतात.

यानंतरची पायरी दिवाणी न्यायालयाची. आदेश निघाल्याच्या दिवशीच महापालिकेच्या विधी विभागाने कॅव्हेट, म्हणजे 'आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये' असा अर्ज, दाखल करायला हवं. ते ९० दिवस टिकतं, आणि मग एकतर्फी स्थगिती मिळत नाही. विधी विभागाला हे आठवण करून देणारं पत्र आपणच द्यावं, तेही आवक क्रमांकासह. एमआरटीपीचं कलम १४९ आणि महापालिका अधिनियमाचं कलम ४३३अ दिवाणी दाव्याला आडवं येतं. वकिलाने पहिल्या तारखेलाच ते मांडलं नाही तर स्थगिती सहज मिळते.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. गोणपाट अंथरून भाजी विकणारी बाई आणि शटर लावून गाळा भाड्याने देणारा माणूस यांना एकाच तक्रारीत घालू नका. पथविक्रेत्यांना २०१४ च्या अधिनियमाचं संरक्षण आहे, सर्वेक्षणाशिवाय त्यांना उठवता येत नाही. ती बाई संध्याकाळी जागा मोकळी करून जाते. अतिक्रमण विभागाला तिला उठवणं सोपं पडतं, पथकाची गाडी येते, टोपल्या उचलते आणि 'कारवाई झाली' असा अहवाल लागतो. शटर तसंच राहतं. तक्रारीत 'पक्क्या व अर्धपक्क्या बांधकामापुरती' असे शब्द असले की हा रस्ता बंद होतो.

तोडकामाच्या दिवसाची तयारी लेखी व्हावी. पोलिस बंदोबस्ताची मागणी आधी गेलेली असावी. वीज कंपनीने आदल्या दिवशी जोडणी तोडलेली असावी, नाहीतर जिवंत तार बघून जेसीबीचा चालक काम थांबवतो आणि दिवस वाया जातो. पत्र्यांसाठी गॅस कटर आणि माल हलवायला टेम्पो लागतो. आतल्या मालाची यादी पंचांसमोर करावी, पोती मोजून, पोत्यांवरच्या मार्कासह, म्हणजे नंतर नुकसानभरपाईचा दावा फुगत नाही. सगळ्याचं चित्रीकरण. खर्च बेकायदा बांधकाम करणाऱ्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो, तेव्हा डिझेलपासून मजुरीपर्यंतच्या पावत्या फाइलला लागल्या पाहिजेत.

आणि जोतं. पत्रे उतरले, अँगल कापले की पथक निघायच्या तयारीत असतं. तेव्हा खाली बघावं. कोब्यात प्रत्येक खांबाच्या जागी लोखंडी प्लेट असते, तिच्यातून चार बोल्ट वर आलेले असतात आणि कटरने अँगल प्लेटच्या वर कापलेला असतो. ते बोल्ट शाबूत राहिले तर तीच शेड पुढच्या सुट्टीत पुन्हा उभी राहते, नवे पत्रे आणि एक वेल्डर एवढंच लागतं. म्हणून आदेशातच 'जोत्यासह' हा शब्द हवा आणि पंचनाम्यात कोबा फोडल्याची नोंद हवी. राडारोडा त्याच दिवशी उचलावा, नाहीतर त्याच विटांची भिंत होते. जागा मूळ पातळीला आणून त्यावर डांबर किंवा काँक्रीट करून ट्रक लावण्याच्या पट्ट्या आखाव्यात, दर पट्टीला क्रमांक द्यावा, आणि मंजूर रेखांकनाचा त्या जागेपुरता भाग रंगवून फलकावर लावावा. समितीच्या दैनंदिन आवक नोंदीत कोणत्या पट्टीवर कोणती गाडी उतरली हे लिहायला लागलं की त्या जागेचा वापर रोज कागदावर येतो, आणि पुढच्या वेळी कोणी ताडपत्री बांधली तर पहिल्याच दिवशी पट्टी क्रमांकासह तक्रार देता येते.